सिरिंजवर चालणारा हात

'रोबोट' म्हटलं की मोटर, सेन्सर, प्रोग्रॅमिंग आणि मुख्य म्हणजे भलंमोठं बिल डोळ्यांसमोर येतं. पण मेडिकलमधल्या नव्या (सुई नसलेल्या!) सिरिंज, सलाईनची नळी आणि साधं पाणी यांवरही रोबोटचा हात चालतो. नांदेड-लातूर रस्त्यावरची जेसीबी याच नियमाने चालते, तिच्यात फक्त पाण्याऐवजी तेल असतं.

नियम पास्कलचा. कॉन्व्हेंटमध्ये मी तो इंग्लिशमध्ये घडाघडा म्हणायचे, अर्थ मात्र सिरिंज हातात घेतल्यावर कळला. बंद द्रवावरचा दाब सगळीकडे सारखाच पोहोचतो. समजा, दाबायची सिरिंज आतून १२ मिमी आणि हाताला लावलेली १८ मिमी व्यासाची आहे. व्यास दीडपट, म्हणून क्षेत्रफळ सव्वादोनपट. अंगठ्याने १ किलोचा जोर दिला की पलीकडे सव्वादोन किलोचा मिळतो. पण फुकट काही नाही. इकडचा दट्ट्या ३६ मिमी सरकला तर तिकडचा १६ मिमीच सरकतो.

आमच्या मिनी प्रोजेक्टला अर्ध्या लिटरची भरलेली बाटली उचलायची होती. सव्वादोन किलो हातात असताना त्यात काय अवघड? गोम तरफेत आहे. सिरिंज बिजागरीपासून ४ सेंमीवर आणि पंजा २४ सेंमीवर असेल, तर पंजाशी सहावा हिस्सा, म्हणजे ३७५ ग्रॅमच उरतात. अंगठा आणखी दाबला की नळी निसटून पाणी थेट तोंडावर! म्हणून जोडणीचं भोक ६ सेंमीवर नेलं. हिशेब ५६२ ग्रॅमवर गेला, पंजाची हालचाल मात्र ९६ मिमीवरून ६४ मिमीवर आली. हाताचं स्वतःचं वजन रबरबँडने तोललं. रबराचं घर्षण उरतंच, तेवढा जोर अंगठ्याने जास्त द्यायचा.

भोक सरकवायला ड्रॉईंगमध्ये एक आकडा बदलायचा आणि लेझरवर पट्टी पुन्हा कापायची. नेमप्लेटवाल्यांकडचं लेझर कटर यासाठी पुरतं. अशी यंत्रं खेड्यातही चालतात हे पुणे जिल्ह्यातल्या पाबळने फार आधी दाखवलं. डॉ. कलबागांनी १९८३ मध्ये सुरू केलेल्या तिथल्या विज्ञान आश्रमात २००२ मध्ये एमआयटीच्या मदतीने फॅब लॅब उभी राहिली, अमेरिकेबाहेरच्या अगदी पहिल्यांपैकी.

लेझर कापताना साधारण ०.२ मिमी लाकूड जाळतो. म्हणून ३ मिमी एमडीएफसाठी ३ मिमीचीच खाच काढली तर सांधा डुगडुगतो. आधी छोटा तुकडा कापून बसवून बघावा.

आणि हवा! पाणी दबत नाही, हवा दबते. नळीत बुडबुडा असला की अंगठा सरकतो, बाटली जागची हलत नाही. नळी आणि दोन्ही सिरिंज बादलीत बुडवूनच भराव्यात.