शृंगाराची नक्कल आणि हास्याचे लक्ष्य : प्रेमवंचनेवरील विनोदी दृश्य-कादंबरीचा विचार

१

प्रेमाचे सोंग आणून द्रव्य उकळणे हा प्रकार नवा नाही. नवे आहे ते त्याचे माध्यम. जालावर ओळख करून घ्यावयाची, प्रेमसंबंधाचा आभास उभा करावयाचा, विश्वास बसला की एखाद्या संकटाचे निमित्त सांगून पैसे मागावयाचे, या व्यवहाराला प्रस्तुत लेखात 'प्रेमवंचना' म्हटले आहे. या विषयावरील छोटेखानी विनोदी 'दृश्य-कादंबरी' हा संगणकाच्या पडद्यावर वाचावयाचा कथाप्रकार आहे. त्याला खेळ म्हणावे की साहित्य, हा वाद येथे उपस्थित करावयाचा नाही. ज्या कृतीत अर्थाचा मुख्य भार संवाद आणि निवेदन यांवर असतो, तिचा विचार साहित्याच्या अभ्यासकाने करावयास हरकत नसावी.

प्रश्न निराळाच आहे. फसवल्या गेलेल्या माणसावरचा विनोद सोपा असतो आणि क्रूरही असतो. प्रेमवंचनेची कथा वाचून आपण हसतो तेव्हा नेमके कोणाला हसतो? हे हास्याचे लक्ष्य कृतीच्या आशयाइतकेच तिच्या घाटावरही अवलंबून असते आणि दृश्य-कादंबरीचा घाट हे लक्ष्य बदलू शकतो, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

२

प्रथम या घाटाची ओळख करून घेणे आवश्यक आहे. दृश्य-कादंबरीत पडद्यावर पार्श्वचित्र व पात्राची आकृती असते आणि खालच्या चौकटीत संवाद वा निवेदन एकेका वाक्याने उमटते. काही ठिकाणी वाचकापुढे दोन-तीन पर्याय येतात. त्यांतील एक निवडला की कथेला त्याप्रमाणे वळण लागते. त्यामुळे एकाच कृतीला अनेक शेवट संभवतात.

हा प्रकार मूळचा जपानचा. युजी होरीई यांची 'पोर्तोपिया' ही खुनाच्या तपासाची संगणक-कथा १९८३ मधली. 'चुनसॉफ्ट' या संस्थेने १९९२ मध्ये 'ओतोगिरिसो' ही कृती 'ध्वनी-कादंबरी' म्हणून प्रसिद्ध केली, आणि 'लीफ' या संस्थेने १९९६ मध्ये 'शिझुकु' या कृतीपासून आरंभिलेल्या मालेला 'व्हिज्युअल नॉव्हेल' हे नाव दिले. जपानबाहेर या प्रकाराचा प्रसार होण्यास टॉम रॉदमेल यांची 'रेनपाय' ही २००४ मधील विनामूल्य आज्ञावली मोठ्या प्रमाणात कारणीभूत झाली. तिचे नावच अर्थपूर्ण आहे : 'रेनआई' म्हणजे जपानी भाषेत प्रेम, आणि 'पायथन' ही संगणकीय भाषा. २००५ पासून दर मार्चमध्ये 'नानोरेनो' नावाचा उपक्रम चालत आला आहे. एका महिन्यात एक दृश्य-कादंबरी पूर्ण करावयाची, असे त्याचे स्वरूप. हौशी लेखकांची लघुकृती हा या प्रकाराचा एक ठळक प्रवाह होण्यामागे अशी परिस्थिती आहे. विनोदाला हा लघुत्वाचा निर्बंध मानवतो.

या आज्ञावलीतील एक सोय पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. वाचक आपली जागा राखून ठेवू शकतो, आणि वाचून झालेल्या वाक्यांवरून मागे सरकून निराळा पर्यायही निवडू शकतो. पुनर्वाचन ही येथे वाचकाची केवळ वैयक्तिक आवड राहत नाही. ते घाटाचेच अंग बनते.

३

प्रेमवंचना आणि हास्य यांचा संबंध आपल्या काव्यशास्त्राला परका नाही. भरताने शृंगारापासून हास्याची उत्पत्ती सांगितली आहे आणि शृंगाराच्या अनुकृतीला हास्य म्हटले आहे. प्रेमवंचना ही अक्षरशः शृंगारानुकृती होय. पत्रे, विरह, शपथा, भेटीची ओढ, सर्व काही असते. केवळ रती नसते. पण ही अनुकृती हास्यास्पद वाटण्यासाठी पाहणाऱ्याला ती अनुकृती आहे हे कळावे लागते. ज्याला कळत नाही, त्याच्यापुरता तो शृंगारच असतो. म्हणून अशा कथेत कोणाला केव्हा काय कळते, हा रचनेचा कळीचा प्रश्न ठरतो.

मराठी रंगभूमीने हा प्रश्न बहुधा प्रेक्षकाला आधीच सर्व सांगून सोडविला. देवलांच्या 'शारदा' नाटकात (१८९९) म्हातारपणी बोहल्यावर चढू पाहणारा भुजंगनाथ आणि त्याचा मध्यस्थ भद्रेश्वर दीक्षित यांचे डावपेच प्रेक्षक प्रथमपासून ओळखून असतो. 'संशयकल्लोळ'मध्ये (१९१६) हेतुपुरस्सर वंचना नाही; तेथे एका तसबिरीमुळे घोटाळा होतो. या नाटकाच्या आधीच्या गद्य रूपाच्या नावातच 'तसबिरीचा घोटाळा' हे शब्द होते. अनोळखी छायाचित्रावरून माणसाची खात्री पटवून घेण्याची जी सवय आज प्रेमवंचकाच्या पथ्यावर पडते, तिच्यातील विनोद देवलांनी फार पूर्वी हेरला होता. पण तेथेही तसबीर कोणाची आणि ती कोणाच्या हाती कशी गेली, हे प्रेक्षकाला ठाऊक असते.

प्रेमवंचनेचे मराठीतील सर्वांत ठळक नाट्यरूप म्हणजे आचार्य अत्रे यांचे 'तो मी नव्हेच'. १९६२ मध्ये रंगभूमीवर आलेल्या या नाटकाला एका प्रत्यक्ष खटल्याचा आधार होता. निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा लोखंडे न्यायालयात उभा आहे. दिवाकर दातार, कॅप्टन अशोक परांजपे, राधेश्याम महाराज अशा नावांनी माणसांना, विशेषतः विवाहेच्छू स्त्रियांना, फसविल्याचा त्याच्यावर आरोप आहे. साक्षीदार बोलू लागला की फिरत्या रंगमंचावर भूतकाळ उभा राहतो. प्रभाकर पणशीकर या सर्व भूमिका करीत. प्रत्येक वेषाखाली तोच नट आहे हे प्रेक्षक जाणतो, आणि प्रयोगाचा आनंद या जाणण्यातच असतो.

याचा परिणाम काय होतो हे नीट पाहावयास हवे. न्यायालयाची चौकट नैतिक निवाडा स्वतःकडे घेते आणि प्रेक्षकाला वंचकाच्या कौशल्याला दाद देण्यास मोकळे करते. फसलेल्या स्त्रियांविषयी सहानुभूती असतेच. पण त्यांना जे दिसत नाही ते आपल्याला दिसते, ही श्रेष्ठत्वाची भावना त्या सहानुभूतीला चिकटून राहते. हा अत्र्यांचा दोष नव्हे. प्रेक्षागृहाची रचनाच अशी आहे की प्रेक्षक वंचिताच्या जागी बसू शकत नाही.

४

अभिनवगुप्ताने 'लोचन'मध्ये रसाभासाची चर्चा करताना रावणाच्या सीतेविषयीच्या अभिलाषाचे उदाहरण घेतले आहे. त्याच्या विवेचनाचा आशय असा की तन्मयतेच्या अवस्थेत, मागचापुढचा विवेक बाजूला राहिलेला असताना, तो शृंगारच भासतो; हा आभास आहे आणि म्हणून हास्याचा विषय आहे, हे मागाहून ध्यानात येते. म्हणजे येथे शृंगार आणि हास्य हे एकाच रसिकाच्या अनुभवातील दोन टप्पे आहेत.

रंगभूमीवरील प्रेमवंचनेत हे दोन टप्पे दोन निराळ्या व्यक्तींत विभागले जातात : शृंगार वंचितेच्या वाट्याला, हास्य प्रेक्षकाच्या. दृश्य-कादंबरीत ते पुन्हा एकाच व्यक्तीत, म्हणजे वाचकात, एकत्र येऊ शकतात. पहिल्या वाचनात तो पर्याय निवडतो, उत्तर पाठवितो, वाट पाहतो. दुसऱ्या वाचनात तीच वाक्ये नक्कल म्हणून उघडी पडतात. मागे सरकण्याची सोय म्हणजे पौर्वापर्यविवेकच वाचकाच्या हाती देणे होय. आता त्याला हसू येते ते स्वतःच्या निवडीचे. भरताने हास्याचे आत्मस्थ आणि परस्थ असे भेद केले आहेत. त्या संज्ञांचा थोडा विस्तार करून असे म्हणता येईल की, रंगभूमीवर परस्थ राहणारे हास्य येथे आत्मस्थ होते.

हे कसे घडते, ते दोन कृतींच्या आधारे दाखविता येते. या दोन्ही कृती प्रेमवंचनेवरच्या नाहीत. परंतु त्या विषयाला लागणारी साधने त्यांनी सिद्ध केली आहेत. कॅनडाच्या क्रिस्टीन लव्ह यांची 'डिजिटल : अ लव्ह स्टोरी' (२०१०) ही कृती १९८८ मधील दूरध्वनी-जोडणीवरच्या संदेशफलकांच्या जगात घडते. वाचक एमिलिया नावाच्या व्यक्तीच्या संदेशांना उत्तरे पाठवीत जातो, पण त्या उत्तरांचा मजकूर त्याला कधीच दाखविला जात नाही. आलेल्या प्रत्युत्तरांवरून आपण काय लिहिले असेल, हे त्याने ताडावयाचे असते. वोल्फगांग इझर यांनी संहितेतील ज्या रिक्त जागांचा विचार केला, त्यांतील सर्वांत मोठी रिक्त जागा येथे वाचकाचे स्वतःचे प्रेमपत्र आहे. ती जागा तो आपल्या इच्छेने भरतो. प्रत्यक्ष वंचनेतही असेच घडते : वंचकाने फारसे सांगितलेलेच नसते, उरलेला प्रियकर समोरच्याने घडविलेला असतो.

काइल सीली यांच्या 'एमिली इज अवे' (२०१५) या कृतीत २००२ ते २००६ या काळातील संगणकीय गप्पांचे अनुकरण आहे. वाचक तीनांतून एक उत्तर निवडतो आणि कळफलकावरील कोणतीही अक्षरे दाबतो. पडद्यावर मात्र आधीच ठरलेले वाक्य उमटते. कधी ते अर्धवट लिहून खोडलेही जाते. आपण लिहीत आहोत असे वाटते आणि लिहिणारी मात्र संहिता असते. प्रेमाच्या भाषेतील किती वाक्ये आपली स्वतःची असतात, हा प्रश्न येथे एका साध्या युक्तीने उभा राहतो.

५

असे लेखन मराठीत व्हावयाचे तर ते कसे असेल? हा केवळ भाषांतराचा प्रश्न नाही. मराठीच्या व्याकरणात या विषयाला अनुकूल अशा काही जागा आहेत, ज्या इंग्रजीत मिळणार नाहीत.

पहिली जागा 'तुम्ही' आणि 'तू' यांच्यामधली. मराठी माणसांच्या ओळखीत 'तुम्ही'वरून 'तू'वर येण्याचा क्षण जपला जातो. कोणी तरी आधी विचारतो, कोणी तरी संकोचतो. वंचकाला वेळ नसतो. तिसऱ्या संदेशात 'तू' आले की जाणत्या वाचकाच्या कानाला ते खटकावे. दृश्य-कादंबरीत हे स्थित्यंतर वाचकापुढे पर्याय म्हणून ठेवता येईल : 'तुम्ही जेवलात का?' की 'तू जेवलास का?' वरवर क्षुल्लक दिसणारी ही निवड कथेला निर्णायक वळण देऊ शकते.

दुसरी जागा क्रियापदाच्या लिंगाची. इंग्रजीत प्रथमपुरुषी वाक्यावरून लिहिणारा स्त्री की पुरुष हे कळत नाही. मराठीत 'मी आलो' आणि 'मी आले' यांत ते लपत नाही. नाव, छायाचित्र, गाव सर्व काही बनविता येते. पण घाईत लिहिलेल्या किंवा यंत्राने भाषांतरित केलेल्या मजकुरात प्रेयसी मध्येच 'मी रात्रभर रडत होतो' असे लिहून बसते. येथे विनोदही आहे आणि रहस्यभेदाचा दुवाही. पहिल्या वाचनात प्रेमात गुंतलेला वाचक हे रूप टंकनदोष म्हणून सोडून देईल, दुसऱ्या वाचनात त्यावरच थबकेल.

तिसरी जागा 'आपण' या सर्वनामाची. ते आदरार्थी 'तुम्ही'चेही काम करते आणि समोरच्याला सामावून घेणाऱ्या 'आम्ही'चेही. परदेशस्थ प्रियकराची भेटवस्तू विमानतळावर अडकली आहे आणि ती सोडविण्यासाठी शुल्क भरावयाचे आहे, हा भारतातील प्रेमवंचनेचा परिचित साचा. तेथे वंचक लिहितो, 'आपले पैसे लवकर पाठवावे लागतील.' हे 'आपले' म्हणजे तुमचे, की आपल्या दोघांचे? वाचिकेने दुसरा अर्थ घेतला की वंचकाचे काम झाले. संसाराचे सर्व स्वप्न या एका सर्वनामात मावते, आणि फसवणूकही त्यातच मावते. हा विनोद भाषेतून आलेला असल्यामुळे त्यात कोणाच्या भोळेपणाची कुचेष्टा करावी लागत नाही.

६

ही कुचेष्टा टाळण्याचा आग्रह केवळ सौजन्यापोटी नाही. अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाकडे २०२२ या एका वर्षात जवळजवळ ७०,००० लोकांनी प्रेमवंचनेच्या तक्रारी नोंदविल्या. त्यांनी सांगितलेले नुकसान १.३ अब्ज डॉलर होते. तक्रार करणाऱ्यांचाच हा आकडा. हसे होईल या भीतीने गप्प राहणाऱ्यांची त्यात नोंद नाही. वंचित व्यक्तीला डुकराची उपमा देणारी जी संज्ञा चिनी गुन्हेगारी बोलीतून सर्वत्र रूढ झाली, ती वापरू नये असे आवाहन इंटरपोलने डिसेंबर २०२४ मध्ये केले. अशा शब्दाने माणसाचा अवमान होतो आणि तो पुढे येण्यास कचरतो, हे त्यामागील कारण. शब्दयोजनेचा प्रश्न येथे अलंकरणाचा उरत नाही.

दुसरीकडे वंचकही आता सरसकट लखोबा राहिलेला नाही. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने २०२३ मध्ये दिलेल्या अंदाजानुसार म्यानमारमध्ये किमान १,२०,००० आणि कंबोडियात सुमारे १,००,००० माणसे अशा जालीय फसवणुकीसाठी सक्तीने राबविली जात असावीत. गोड संदेश लिहिणारा हात स्वतःच कोंडलेला असू शकतो, आणि त्याचे शब्दही दुसऱ्याने लिहून दिलेले असू शकतात. लखोबाच्या बहुरूपी चातुर्याला दिलेली दाद येथे तशीच देता येत नाही.

मग विनोदी लेखकाने हसावयाचे कशाला? माझ्या मते उत्तर वरील विवेचनात आलेले आहे. वंचित आणि वंचक हे दोघेही ज्या ठरीव संहितेप्रमाणे बोलत असतात, ती संहिताच हास्याचे न्याय्य लक्ष्य होय. विरहाचे तयार साचे, प्रेमाचा पुरावा म्हणून मागितलेली रक्कम, प्रत्येक 'आपले'मागचा हिशेब, हे सारे त्या संहितेचे घटक आहेत. दृश्य-कादंबरीत संहिता निवडणारा वाचक स्वतःच असल्याने हे हास्य त्याला बाहेर उभे राहून करता येत नाही. अर्थात घाट ही केवळ शक्यता होय. वंचिताला मूर्ख ठरविणारे पर्याय लिहिले, किंवा फसवणूक पहिल्याच दृश्यात उघड करून वाचकाला प्रेक्षागृहात परत पाठविले, तर ही शक्यता वाया जाते आणि उरते ती जुनीच टवाळी.

७

यावरून अशा कृतीच्या मूल्यमापनाचे तीन प्रश्न निघतात. पहिल्या वाचनात वाचकाला शृंगाराचा भास खरोखर होतो का? दुसऱ्या वाचनात तीच वाक्ये, एकही शब्द न बदलता, हास्यास्पद ठरतात का? आणि ते हास्य माणसावर न रेंगाळता भाषेच्या साच्यापर्यंत पोचते का? तिन्हींची उत्तरे होकारार्थी असतील तर ती कृती लहान असली तरी दुर्लक्ष करण्याजोगी नाही.

पदव्युत्तर वर्गात रसाभासाचे प्रकरण शिकविताना विद्यार्थ्यांकडून असा दहा-बारा संदेशांचा मराठी संवाद लिहवून घ्यावा, त्यात 'तुम्ही'वरून 'तू'वर येण्याची जागा त्यांनाच ठरवू द्यावी, आणि तो दोनदा वाचून घ्यावा. रावणाच्या उदाहरणात अभिनवगुप्त जे 'मागाहून' म्हणतो, त्या शब्दाचा अर्थ त्यांना या दुसऱ्या वाचनात उमगेल.