फुलं येतात, फळ धरत नाही

या खेपेची पत्रं वाचताना एक गोष्ट लक्षात आली. झाडं वेगवेगळी, गावं वेगवेगळी, पण तक्रार बहुतेकांची एकच: फुलं आली, फळ नाही. आणि जवळजवळ प्रत्येकाने शेवटी विचारलंय, ‘कुठलं खत घालू?’ खताचा विषय आज बाजूला ठेवू या. फूल आणि फळ यांच्या मधे जे घडायला हवं, ते घडतंय का, एवढंच पाहू.

प्रश्न : तीन वर्षांपूर्वी ‘कोकणातही येणारं सफरचंद’ म्हणून एचआरएमएन-९९ जातीची दोन कलमं आणली. एक पहिल्याच पावसाळ्यात मेलं. दुसरं छातीइतकं वाढलंय. गेल्या फेब्रुवारीत सात-आठ फुलं आली, तीही एकदम नाही, आज दोन, चार दिवसांनी तीन अशी. सगळी गळली. काय चुकलं? (नाचणे, रत्नागिरी)

तुमचं फारसं काही चुकलेलं नाही. पाहुणा चुकीच्या गावी उतरलाय, इतकंच. पण आलाच आहे तर त्याची व्यवस्था बघू.

सफरचंदाचं झाड हिवाळ्यात पानं टाकून झोपतं. पुरेशी थंडी सोसून झाली की मगच त्याचे डोळे नीट फुटतात. ही थंडी तासांत मोजतात, साधारण सात अंशांखालचे तास. काश्मीर-हिमाचलातल्या जुन्या जातींना असे हजारभर तास लागतात. कमी थंडीत भागवणाऱ्या जाती पुढे आल्या. ‘अ‍ॅना’ इस्रायलमधली, ‘डॉर्सेट गोल्डन’ बहामा बेटांवरची. तुमची एचआरएमएन-९९ हिमाचलच्या बिलासपूर जिल्ह्यातल्या हरिमन शर्मा या शेतकऱ्याने निवडली. त्यांना २०२५मध्ये पद्मश्री मिळाली, आणि ती योग्यच होती. कमी उंचीवर, जिथे कोणी सफरचंदाचा विचार करत नव्हतं, तिथे त्यांनी ते आणून दाखवलं. पण त्यांच्या गावाला हिवाळा असतो. रत्नागिरीत ऐन जानेवारीतही पहाटेचा पारा सात अंशांच्या जवळपाससुद्धा फिरकत नाही. पंधरावर आला तरी आपण कानटोपी शोधतो! ‘कमी थंडी चालते’ आणि ‘थंडी नसली तरी चालते’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. रोपं विकताना त्यांतलं दुसरं सांगितलं जातं.

झोप नीट झाली नाही की झाड तुमच्याकडे वागलं तसंच वागतं. एक फांदी जागी, दुसरी पेंगलेली. फुलं तुरळक आणि मागेपुढे येतात. ही जात स्वपरागित म्हणून ओळखली जाते हे खरं, पण त्याचा अर्थ पराग आपल्या पायांनी चालत जातो असा नाही. त्याला मधमाशी लागते. दोन-तीन फुलांसाठी मधमाशी वाट वाकडी करून येत नाही, विशेषतः शेजारी काजू आणि आंबा फुललेला असताना. शिवाय बहुतेक सफरचंदांना, स्वपरागित म्हणवणाऱ्यांनासुद्धा, दुसऱ्या जातीचा पराग मिळाला की फळधारणा सुधारते. तुमचं मेलेलं कलम जगलं असतं तरी त्याचा फार उपयोग नव्हता. एकाच जातीची दोन कलमं म्हणजे परागाच्या हिशेबात एकच झाड.

आता उपाय. जावा बेटावर मलंग-बातूच्या परिसरात झोपेचा प्रश्न तिथल्या बागायतदारांनी वेगळ्या रीतीने सोडवलाय. तिथे सफरचंदाची पानं हाताने ओरबाडून काढतात. झाडाला झोपूच देत नाहीत. पानं गेली की डोळे फुटतात आणि फुलं येतात. एकेकाळी बंगळुरातही सफरचंदं होत असत. मात्र ही दोन्ही ठिकाणं उंचावरची, रात्री गार होणारी. आपण समुद्राच्या कडेला आहोत, तेव्हा फळांच्या पेटीची स्वप्नं नकोत. प्रयोग करायचा तर असा करा: डिसेंबरच्या सुरुवातीपासून पाणी तोडत आणा, महिनाअखेरीस सगळी पानं एकाच दिवशी काढा, डोळ्याला नख लागू देऊ नका, आणि मग पाणी सुरू करा. फुलं जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीत एकत्र येण्याची शक्यता वाढते, आणि फळ धरलंच तर पावसाआधी हाती येतं.

फुलं आली की परागीकरण तुम्हीच करा. उमललेल्या सफरचंदाच्या फुलाकडे जवळून बघा. पाकळ्या पाच, आतून पांढऱ्या, बाहेरून गुलाबी छटेच्या. मधे पिवळ्या टोकांचे पुष्कळ पुंकेसर आणि त्यांच्या गराड्यात, तळाशी जुळलेले, पाच बारीक हिरवट दांडे. या पाचांची टोकं म्हणजे फळाची पाच दारं. सकाळी ऊन वर आल्यावर परागकोश फुटून पिवळी भुकटी सुटते. रंगकामाचा बारीक मऊ ब्रश त्यावर फिरवा आणि दुसऱ्या फुलाच्या पाचही टोकांना लावा. दोन टोकांना लागला आणि तिघांना नाही, तर फळ एका बाजूला फुगू शकतं आणि दुसऱ्या बाजूला खपाटीला जाऊ शकतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा फिरवा.

दुसऱ्या जातीचा पराग हवा तर अ‍ॅना किंवा डॉर्सेट गोल्डनची एखादी काडी मिळवून याच झाडाच्या फांदीवर कलम बांधा. अंगण लहान असेल तर हेच सोयीचं. दोन्हींची फुलं मागेपुढे आली तरी हरकत नाही. आधी फुललेल्याचे परागकोश काढून कागदावर एक दिवस सावलीत सुकवा, छोट्या बाटलीत भरा, ती बाटली भाजून गार केलेल्या तांदळाच्या डब्यात ठेवून डबा घट्ट लावा आणि फ्रिजमध्ये ठेवा. दोन-तीन आठवडे पराग टिकतो. फ्रिजमध्ये हा डबा कशाचा ते घरात सांगून ठेवा. माझा एकदा भातात गेला होता.

मेलेल्या कलमाबद्दल: आपल्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि सफरचंदाला पाय ओले राहिलेले चालत नाहीत. खोडाचा जमिनीलगतचा भाग कुजतो. जांभ्यात खड्डा खणून त्यात झाड लावणं म्हणजे त्याला हौदात उभं करणं. दीड-दोन फूट उंचीचा मातीचा उंचवटा करून त्यावर लावावं, कलमाचा जोड मातीच्या वर ठेवावा, पावसाआधी खोडाला बोर्डो पेस्ट लावावी. माझी स्वतःची दोन झाडं हे सगळं करूनही तिसऱ्या पावसाळ्यात गेली. त्याआधी एकदा एक फळ खाल्लं. लिंबाएवढं होतं, आंबट-तुरट. घरच्यांनी कौतुकाने आठ फोडी केल्या.

हौस म्हणून एक झाड ठेवा. पाच गुंठ्यांत लावण्याचा विचार कोणी करत असेल तर माझं उत्तर स्वच्छ ‘नको’ असं आहे.

प्रश्न : मी सातवीत आहे. बाजारातल्या सफरचंदाच्या बिया कुंडीत लावल्या. उगवत नाहीत. (चिपळूण)

बियांनाही थंडी लागते. ओल्या फडक्यात गुंडाळून, डबीत घालून दोन-अडीच महिने फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेव आणि मग पेर. काही नक्की उगवतील. पण त्या झाडाची फळं तू खाल्लेल्या सफरचंदासारखी नसतील, कारण बी दोन झाडांचं मिळून झालेलं असतं, म्हणूनच सफरचंदाची कलमं करतात. रोप बघण्यासाठी लाव. वहीत तारखा लिहून ठेव, म्हणजे पुढच्या वेळी मला पत्र लिहायला सोपं जाईल.

प्रश्न : आमच्या परड्यात रातांब्याचं झाड आहे. आठ वर्षांचं, बी पडून आपोआप आलेलं. दोन वर्षं भरपूर फुलतं, पण एक रातांबा नाही. सासूबाई म्हणतात झाड ‘वांझ’ आहे, तोडा. (संगमेश्वर)

तोडू नका. झाड वांझ नाही, बहुधा नर आहे.

रातांब्यात, म्हणजे कोकमात, नर झाड वेगळं आणि मादी झाड वेगळं. बियांपासून आलेल्या रोपांत साधारण निम्मी नर निघतात आणि ते कळतं पहिलं फूल आल्यावर, म्हणजे सहा-सात वर्षांनी. तोवर आपण पाणी घालत बसतो. फुलं सुरू झाली की एक डहाळी खाली ओढून बघा. नर फुलं देठाशी घोळक्याने येतात आणि फुलाच्या मधोमध पुंकेसरांचा गच्च पिवळसर झुबका असतो. मादी फूल एकेकटं किंवा दोन-तीन, आणि त्याच्या मधे गोल, टिकलीसारखी बसकी गाठ दिसते. तीच पुढे रातांबा होते. जायफळाचंही असंच आहे, तेव्हा ज्यांचं जायफळ फुलून फळत नाही त्यांनी हेच उत्तर स्वतःसाठी वाचावं.

झाड नर निघालं तर दोन वाटा आहेत. जागा असेल तर ते तसंच ठेवून शेजारी मादी झाडाचं कलम लावा. दहा मादी झाडांना एक नर पुरतो, म्हणजे तुमचा हा ‘वांझ’ आख्ख्या वाडीच्या उपयोगाचा आहे. जागा नसेल तर झाड कंबरेच्या उंचीवर छाटून नव्या फुटव्यांवर मादी झाडाच्या काडीने मृदकाष्ठ कलम बांधून घ्या. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने ‘कोकण अमृता’ आणि ‘कोकण हातीस’ या जाती दिल्या आहेत, त्यांची कलमं मिळतात. काडी कोणत्या फांदीची ते मात्र विचारा. आडव्या फांदीच्या काडीचं कलम आडवंच पसरत जातं, झाड उंच होत नाही. सरळ वर जाणाऱ्या शेंड्याची काडी हवी.

सासूबाईंना एवढंच सांगा की आमसुलं मिळतील, झाड न तोडता.

प्रश्न : घराभोवती हापूसची सात कलमं आहेत. मोहर झाड झाकून येतो, कणी धरते आणि वाटाण्याएवढी होईपर्यंत जवळपास सगळी गळते. तीन फवारण्या केल्या. आणखी कोणती करू? (पावस)

आधी एक बघा: त्या तीनपैकी एखादी फवारणी मोहर उमललेला असताना झाली का? माझा अंदाज, झाली असणार. मीही हे केलंय. तुडतुडे दिसले म्हणून एका पौषात फुललेल्या मोहरावर औषध मारलं. तुडतुडे गेले आणि त्यांच्याबरोबर माश्याही गेल्या. त्या वर्षी घरच्या लोणच्यालाही कैरी विकत आणली.

आंब्याच्या एका तुऱ्यात शेकड्यांनी, कधी हजारांवर फुलं असतात. त्यांतली बहुतेक नर. फळ फक्त संयुक्त फुलांना धरतं आणि हापूसमध्ये ती मुळातच कमी. भिंग घेऊन बघा: फुलाच्या मधे मोहरीपेक्षा लहान हिरवा मणी आणि त्याला टेकून एकच गुलाबी टोकाचा पुंकेसर. मणी नसेल तर ते फूल नर. या मण्यापर्यंत पराग नेणारं पाखरू मुख्यतः माशी आहे. मधमाशी आंब्यावर फारशी रमत नाही. घरमाशीसारख्या दिसणाऱ्या, हिरव्या-निळ्या चकचकीत पाठीच्या, फुलाजवळ हवेत स्थिर राहणाऱ्या, अशा नाना जातींच्या माश्या हे काम करतात. तैवानमध्ये आंब्यासाठी त्या मुद्दाम वाढवतात. आपल्याकडेही काही जुने बागायतदार मोहराच्या दिवसांत कलमांखाली मासळीचा कचरा टाकतात. वास येतो, पाहुणे नाक मुरडतात, पण युक्ती खरी आहे. घराला लागून असलेल्या कलमांना हे सुचवायला मी धजत नाही; कुंपणाकडच्या दोन झाडांखाली करून बघा.

दुसरी गोष्ट तुमच्या पत्रातच आहे: ‘सात कलमं, सगळी हापूस.’ हापूसला हापूसचा पराग मनासारखा मानवत नाही. बाजारभावाच्या मागे लागून आपण वाड्याच्या वाड्या एका जातीच्या केल्या. पूर्वी प्रत्येक आवारात एखादा पायरी, एखादा बिटकी, एखादा रायवळ असायचाच, तो पोरांसाठी ठेवला जायचा आणि हापूसचं कामही करायचा. दहा हापूसांमागे एक दुसरं झाड हवं. केशर चालेल, पायरी चालेल, दापोली विद्यापीठाचा ‘रत्ना’ चालेल (तो नीलम आणि हापूसचा संकर). नव्या झाडाची वाट बघायची नसेल तर सातांपैकी एका कलमाच्या दोन फांद्यांवर केशर बांधून घ्या. यंदापुरता उपाय हवा असेल तर शेजाऱ्याच्या पायरीच्या फुललेल्या डहाळ्या आणून पाण्याच्या बादलीत ठेवा आणि बादली हापूसखाली ठेवा. माश्या उरलेलं बघतात.

फवारण्यांबद्दल: पोपटी फुटीला आणि बोंगे फुटताना जे करायचं ते करा. फूल उमलल्यापासून कणी दिसेपर्यंत पंप कोपऱ्यात. भुरी दिसली आणि बुरशीनाशक मारणं भागच पडलं तर संध्याकाळी, माश्या गेल्यावर मारा.

कणी धरूनही गळते त्याला आणखी एक कारण असतं. जानेवारीत थंडी वाढली की धरलेल्या फळांच्या बाजूलाच नवा मोहर फुटतो आणि झाड जुन्या कण्यांचं पोषण तिकडे वळवतं. त्यावर विद्यापीठाने जिबरेलिक आम्ल सुचवलंय, ५० पीपीएम, पण ते कृषी सहायकाला विचारून, मोजून. अंदाजाने टोपणभर घालू नका. फळं वाटाण्याएवढी झाल्यावर मात्र पाणी द्या: मोठ्या झाडाला दीडशे ते दोनशे लिटर, पंधरा दिवसांच्या अंतराने तीन-चार वेळा, आणि खाली गवताचं आच्छादन. पाणी मोहर यायच्या आधी देऊ नका. त्या वेळी पाणी दिलं तर मोहराऐवजी पालवी येते.

प्रश्न : परागीकरणासाठी घरी मधपेटी ठेवावी का? (लांजा)

काजू, नारळ आणि परसातल्या भाज्यांसाठी जरूर ठेवा, फक्त आंब्यासाठी असेल तर नको. पेटी सातेरी माशीची घ्या, आग्या माशी पेटीत राहत नाही. स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, नाहीतर मुंग्या पहिल्या आठवड्यात वसाहत पळवून लावतील. आपल्याकडच्या पावसाळ्यात फुलं नसतात, तेव्हा साखरेचा पाक द्यावा लागतो. ते जमणार नसेल तर पेटी घेऊ नये. महाबळेश्वरच्या मध संचालनालयाकडे प्रशिक्षणाची चौकशी करा, आधी शिका आणि मग घ्या.

जाता जाता सगळ्यांना एक विनंती. ‘झाड फळत नाही’ असं पत्र लिहिताना सोबत उमललेल्या फुलाचा जवळून काढलेला फोटो पाठवा, आणि आजूबाजूला त्याच जातीची किती झाडं आहेत ते लिहा. कोकम आणि जायफळाची पत्रं या फोटोशिवाय आली तर मला उत्तर देता येणार नाही.