नाममुद्रा आणि रकाना : स्वतंत्र मराठी गीत व स्ट्रीमिंग सेवा

भारतीय भाषांतील गेय कवितेने आपल्या कर्त्याचे नाव शतकानुशतके गीताच्या अंगातच वागविले आहे. अभंगाच्या अखेरीस येणारी तुकारामांची मुद्रा, बंगाली पदावलीतील भणिता, हिंदी पदांतील छाप, गझलेतील तखल्लुस ही या एकाच प्रवृत्तीची निरनिराळी रूपे होत. कन्नड वचनांतील अंकित किंचित वेगळे. बसवेश्वरांच्या वचनांत येणारे कूडलसंगमदेव हे नाव कवीचे नसून आराध्याचे आहे, आणि तरीही कर्त्याची ओळख त्यावरूनच पटते. एकनाथांच्या मुद्रेतही स्वतःच्या नावाला गुरू जनार्दनस्वामींचे नाव जोडलेले असते. गीत ज्याच्या कंठी जाईल त्याच्यासोबत कर्त्याचे नावही जावे, अशी ही व्यवस्था होती. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांची गीते असंख्य गायकांनी गावोगाव गायिली; परंतु ‘वामन’ हे नाव कडव्यातच गुंफलेले असल्याने गीतकार कोण, हे श्रोत्याला वेगळे सांगावे लागले नाही.

ध्वनिमुद्रणाने ही व्यवस्था प्रथम हलविली. कलकत्त्यात १९०२ मध्ये मुद्रित झालेल्या ध्वनिमुद्रिकांत गौहरजान गाणे संपताच आपले नाव इंग्रजीत उच्चारते. मुद्रिका परदेशी कारखान्यात तयार होत असल्याने तेथील तंत्रज्ञांना गायिकेची ओळख पटावी, हे त्याचे कारण सांगितले जाते. नाव अजून ध्वनीतच आहे. पण ते आता पदकर्त्याचे नसून गाणाऱ्या व्यक्तीचे आहे. हा बदल लहान दिसतो, परंतु पुढील साऱ्या इतिहासाची दिशा त्यातच आहे.

आज स्वतंत्रपणे गाणारा मराठी कलावंत, म्हणजे ज्याच्या पाठीशी ध्वनिमुद्रण कंपनी नाही असा कलावंत, आपले गीत स्ट्रीमिंग सेवेवर सामान्यतः स्वतः ठेवू शकत नाही. स्पॉटिफायने २०१८ मध्ये तशी थेट सोय प्रायोगिक स्वरूपात दिली होती, ती २०१९ मध्ये बंद झाली. त्यामुळे मध्यस्थ वितरक आवश्यक ठरतो. डिस्ट्रोकिडसारखा वितरक वार्षिक वर्गणी घेतो, सीडी बेबीसारखा प्रत्येक प्रकाशनामागे एकदाच शुल्क घेतो. वर्गणी थांबली तर गीतही सेवेवरून उतरू शकते, ही बाब करारातील बारीक अक्षरांत दडलेली असते. वितरकाकडे ध्वनिफीत व मुखपृष्ठ यांच्याबरोबर एक अर्ज भरून द्यावा लागतो. साहित्याच्या अभ्यासकाने पाहावे ते या अर्जाचे रकाने.

पहिला आणि सर्वांत ठळक रकाना ‘कलावंत’ हा होय. गीताचे पान, अनुयायी, नव्या गीताची सूचना हे सारे या रकान्यातील नावाशी बांधलेले असते. गीतकाराचा रकाना निराळा असतो व त्यातील नाव श्रोत्याला एखाद-दुसरी कळ दाबल्याखेरीज दिसत नाही. त्या नावाचे पानही आपोआप निर्माण होत नाही. शिवाय काही वितरक तेथे गीतकाराचे कायदेशीर नाव मागतात. या नियमाने आरती प्रभू नाहीसे होऊन चिंतामण त्र्यंबक खानोलकर उरतात, ग्रेस यांच्या जागी माणिक गोडघाटे येतात. ज्या साहित्यपरंपरेत टोपणनाव हे काव्यव्यक्तित्वाचेच अंग आहे, तेथे ही केवळ कारकुनी बाब म्हणता येणार नाही. अभंगांच्या बाबतीत तर विपर्यास अधिकच. गीतात तुकाराम स्वतःचे नाव सांगत असतात आणि रकान्यात ‘पारंपरिक’ असे लिहिलेले असू शकते.

भाषेचा रकानाही निरुपद्रवी नाही. दोन अक्षरी आंतरराष्ट्रीय भाषासंकेतांत मराठीला स्थान आहे. कोंकणी व अहिराणी यांना नाही. केवळ या संकेतांवर बेतलेल्या यादीत गोव्यातील वा खानदेशातील गायकाला शेजारची भाषा निवडणे भाग पडते, आणि मग श्रोत्यापुढे गीत ठेवले जाते तेही त्याच भाषेच्या नावाखाली. रोमन लिपीतील नावांचे प्रश्न याहून साधे, पण त्रासाचे : एकच नाव दोन तऱ्हांनी लिहिले की एका कलावंताची दोन पाने होतात.

आर्थिक बाजू याच रकान्यांवर उभी आहे. प्रत्येक ध्वनिमुद्रणास आयएसआरसी हा बारा चिन्हांचा संकेत मिळतो. तो बहुधा वितरकच देतो. मूळ रचनेचा आयएसडब्ल्यूसी हा संकेत मात्र वेगळा असून तो रचना स्वामित्वसंस्थेकडे नोंदविल्यावरच मिळतो. भारतात हे काम १९६९ मध्ये स्थापन झालेली आयपीआरएस ही संस्था करते. म्हणजे गाणाऱ्याचा संकेत जणू आपोआप येतो, लिहिणाऱ्याचा मागावा लागतो. २०१२ च्या दुरुस्तीनंतर भारतीय स्वामित्व कायद्याने गीतकाराचा समान मानधनाचा हक्क वारस वा स्वामित्वसंस्था यांखेरीज कोणाकडेही सोडता येणार नाही, असे ठरविले. तथापि नोंदच नसेल तर तो हक्क बजावणे दुष्कर होते. २०२४ पासून स्पॉटिफायने मागील बारा महिन्यांत किमान १,००० वेळा न ऐकल्या गेलेल्या ध्वनिमुद्रणास ध्वनिमुद्रण-मानधन देणे थांबविले. मराठीतील पहिलटकर गायकाला हा आकडा सोपा नाही. रचनेच्या मानधनाला ही अट लागू नाही. म्हणून तर कवीच्या नोंदणीचे महत्त्व अधिक.

दिवंगत कवीची कविता गाताना आणखी एक हिशेब करावा लागतो. कवीच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या कवितेवरील स्वामित्व त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकते. मर्ढेकर १९५६ मध्ये वारले, त्यांची अशी कविता २०१६ अखेर मुक्त झाली. वामनदादांची २०६४ अखेरपर्यंत होणार नाही, आणि तोवर वारसांची अनुमती घेणे गायकाचे कर्तव्य आहे.

गीत रसिकांपर्यंत नेण्याच्या खटपटीतही कवीला जागा करून देता येते. स्पॉटिफायच्या संपादकांकडे गीत सुचवायचे तर ते प्रसिद्ध होण्यापूर्वी, निदान सात दिवस आधी, एका वेळी एकच, आणि अवघ्या पाचशे अक्षरांच्या निवेदनासह सुचवावे लागते. बहुतेक निवेदने वाद्यमेळ आणि ‘मूड’ यांतच संपतात. वस्तुतः कविता कोणाची, बोली कोणती, चाल जुनी की नवी, हे सांगण्यास पाचशे अक्षरे पुरेशी आहेत. गीताचा मजकूरही वेगळा पुरवावा लागतो. तो पुरविल्यास गाणे चालू असताना शब्द पडद्यावर दिसतात. तो देवनागरीत द्यावा की रोमनमध्ये, याविषयी गायकांत एकमत नाही. रोमन मजकुराने परप्रांतीय श्रोता मिळतो हे खरे. परंतु ‘ळ’ आणि ‘ल’ यांतील भेद त्यात बुडतो, आणि ज्या अभंगाचे यमकच ‘ळ’वर उभे आहे, त्याची मुद्रा जागेवर राहूनही कान हुकतो.