पर्यवेक्षकांचे निरंतर शिक्षण

समाजकार्याचे व्यावसायिक शिक्षण आपल्या देशात १९३६ साली मुंबईत सुरू झाले. सर दोराबजी टाटा यांच्या नावाने निघालेली ती शाळा पुढे टाटा समाजविज्ञान संस्था झाली. पुण्यात १९६३ पासून कर्वे समाजसेवा संस्था आहे. या शिक्षणात क्षेत्रकार्याला वर्गाइतकेच महत्त्व असते. विद्यार्थी गृहभेट देतो, नोंद लिहितो व पर्यवेक्षक ती वाचून त्याच्याशी बोलतो. पण खुद्द पर्यवेक्षकाने शिकत राहावे, हा विचार आपल्याकडे मागेच पडला.

एक उदाहरण घेऊ. मुळशीच्या एखाद्या वाडीतील सून पिकावर मारायचे औषध प्यायली व दवाखान्यातून वाचून घरी आली. घरचे म्हणतात, "चुकून पोटात गेले." विद्यार्थिनी तेच लिहिते व खाली ओळ टाकते, "कुटुंबास समजावले."

ज्या पर्यवेक्षकाचे शिक्षण १९९६ च्या सुमारास थांबले, तो म्हणेल, "आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा आहे, खोलात जाऊ नकोस." भारतीय दंड विधानाचे कलम ३०९ सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी वैध ठरविले होते. परंतु २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचे कलम ११५ सांगते की, उलट सिद्ध होईपर्यंत अशी व्यक्ती तीव्र तणावाखाली आहे असे मानावे व तिच्यावर खटला चालवू नये. तिची काळजी, उपचार व पुनर्वसन हे सरकारचे कर्तव्य आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर ते जुने कलम घेतलेलेच नाही. पर्यवेक्षकाला हे ठाऊक नसेल, तर सुनेपर्यंत एकच निरोप पोहोचतो : गप्प राहा. आणि एकदा प्रयत्न केलेल्या व्यक्तीला पुन्हा धोका अधिक असतो.

कायदा पुस्तकातून कळेल. नोंद वाचणे मात्र दुसऱ्या पर्यवेक्षकाबरोबर बसूनच शिकावे लागते. "समजावले" म्हणजे कोणत्या शब्दांत? सून स्वतः काय बोलली? सासू शेजारी बसली होती काय? "जीव द्यावासा वाटतो का," असे सरळ विचारले काय? विचारल्याने तो विचार डोक्यात भरतो, ही समजूत खरी नाही. (वीस-वीस वर्षे गृहभेटी केलेले लोकही हा प्रश्न टाळतात. मीही टाळला आहे.)

तालुक्यात काम करणाऱ्या तीन-चार पर्यवेक्षकांनी महिन्यातून एकदा पौडला जमावे, नावगाव खोडलेल्या दोन नोंदी मोठ्याने वाचाव्यात व प्रत्येकाने आपण काय विचारले असते ते सांगावे. याला खर्च चहाचा. 'टेली-मानस'चा १४४१६ हा क्रमांक प्रत्येक विद्यार्थ्याच्या वहीत आहे ना, हेही त्याच बैठकीत पाहून घ्यावे.