पुष्पिका नसलेली प्रत : संगणकीय संहिता आणि मराठीचे पदव्युत्तर अध्ययन

१. विषयाची मर्यादा

मराठीच्या पदव्युत्तर वर्गातील अध्ययनाची रीत गेल्या दोन-तीन दशकांत पालटली आहे. मूळ संहिता, कोश, संदर्भग्रंथ किंवा पूर्वीचे प्रबंध हवे असले म्हणजे विद्यार्थी प्रथम ग्रंथालयाकडे न वळता संगणकाकडे, आणि बहुधा हातातील मोबाइलकडे वळतो. अध्यापकही टिपणे, उतारे आणि ग्रंथांच्या छायाप्रती वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर पाठवितात. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीमुळे महाविद्यालये बंद झाली तेव्हा या सवयीला गरजेचे रूप आले. वर्ग पुन्हा भरू लागल्यावरही ती टिकून राहिली.

या बदलासंबंधीची चर्चा बहुधा दोन टोकांना होते. एका पक्षाला यात ग्रंथाभ्यासाचा ऱ्हास दिसतो, तर दुसऱ्याला ज्ञानाची कवाडे सर्वांना खुली झाल्याचे समाधान वाटते. मात्र विद्यार्थी पडद्यावर जी संहिता वाचतो, तिला वाङ्मयीन संशोधनात कोणते स्थान द्यावे, हा प्रश्न दोन्ही पक्ष बाजूला ठेवतात. प्रस्तुत लेखात या एका प्रश्नाचा विचार मुख्यतः ज्ञानेश्वरी आणि तुकारामांची गाथा यांच्या अनुषंगाने केला आहे. संगणकीय संहिता ही हस्तलिखित परंपरेतील प्रतीसारखीच एक प्रत आहे, आणि तिची परीक्षा प्रतीला लावावयाच्या कसोट्यांनीच झाली पाहिजे, असे येथील प्रतिपादन आहे.

२. उपलब्धतेचा लाभ

या साधनांनी जे दिले आहे त्याची नोंद प्रथम घेणे न्याय्य ठरेल. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ ची दुसरी आवृत्ती, १९३२ पासून खंडशः प्रसिद्ध झालेला दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ आणि शं. गो. तुळपुळे व ॲन फेल्डहाउस यांचा १९९९ मधील जुन्या मराठीचा कोश हे तिन्ही कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात. मराठी विश्वकोशातील नोंदीही संगणकावर उपलब्ध आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनंतर पीएच.डी.चे प्रबंध संगणकीय रूपात सादर होऊ लागले आणि ‘शोधगंगा’ या संग्रहामुळे इतर विद्यापीठांतील प्रबंध घरबसल्या चाळता येऊ लागले.

याचा खरा लाभ तालुक्याच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्याला होतो. जुन्या मराठीचा कोश ज्या ग्रंथालयात नाही तेथे ज्ञानेश्वरीतील एखाद्या अपरिचित शब्दासाठी त्याला सार्थ आवृत्तीतील अर्थावर किंवा अध्यापकांच्या स्मरणावर विसंबून राहावे लागे. आता तो तीन कोश ताडून पाहू शकतो आणि प्रसंगी सार्थ आवृत्तीतील अर्थाविषयी शंकाही उपस्थित करू शकतो. म्हणून संगणकीय साधने सरसकट टाळावीत हा उपदेश, ज्याच्या गावात समृद्ध ग्रंथालय आहे त्यालाच परवडणारा आहे.

३. प्रत आणि लिपिकार

ज्ञानेश्वरीची रचना शके १२१२ (इ. स. १२९०) मधील. पुढे शके १५०६ (इ. स. १५८४) मध्ये एकनाथांनी तत्कालीन प्रती पाहून तिची संहिता शुद्ध केली. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी एकनाथपूर्व मानलेल्या एका प्रतीच्या आधारे स्वतंत्र संहिता प्रसिद्ध केली. वारकरी पाठपरंपरेतील आवृत्त्या आणि राजवाडे-संहिता यांत शब्दरूपांचे, ओव्यांच्या संख्येचे आणि काही ठिकाणी अर्थाचेही भेद आहेत. तुकारामांच्या गाथेची स्थिती याहून सोपी नाही. विष्णु परशुरामशास्त्री पंडित यांनी शंकर पांडुरंग पंडित यांच्या देखरेखीखाली तयार केलेली गाथा १८६९ आणि १८७३ मध्ये सरकारी साहाय्याने दोन भागांत प्रसिद्ध झाली. तिच्या आधारे शासनाने १९५० मध्ये गाथा पुन्हा छापली. वारकरी परंपरेतील आवृत्त्यांत मात्र अभंगांचा क्रम व क्रमांक निराळे आहेत. तेव्हा आवृत्तीचा उल्लेख न करता दिलेल्या अभंगक्रमांकाला संदर्भ म्हणून फारसे मूल्य नाही.

संगणकावर आढळणाऱ्या पुष्कळशा संहितांबाबत नेमकी ही माहिती मिळत नाही. जुन्या पोथीच्या शेवटी पुष्पिका असे. पोथी कोणी, कोठे, कोणत्या शकात आणि कोणासाठी उतरली हे लिपिकार तेथे लिहून ठेवी. प्रसंगी आपल्या चुकांबद्दल क्षमाही मागे. पडद्यावरील संहितेला बहुधा अशी पुष्पिका नसते. ती राजवाडे-संहितेवरून टंकित केली की एखाद्या सार्थ आवृत्तीवरून, टंकलेखकाने जुनी रूपे आधुनिक केली की कसे, मुद्रिते कोणी तपासली, यांपैकी काहीही सांगितलेले नसते. हाती आलेली प्रत स्वच्छ व सुवाच्य दिसते म्हणून ती विश्वसनीय मानली जाते. पोथीचा जीर्ण कागद वाचकाला निदान सावध तरी करीत असे.

या नव्या लिपिकारांचे लिपिदोषही ओळखीचे आहेत. छापील पानाच्या छायाचित्रावरून यंत्र अक्षरे ओळखते तेव्हा ‘ष’ आणि ‘प’, ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’, ‘थ’ आणि ‘य’ यांची अदलाबदल होते. पोथ्यांच्या अभ्यासकांना आकारसादृश्याने होणारे हे प्रमाद परिचित आहेत. माणसाच्या डोळ्याची जागा यंत्राने घेतली एवढाच फरक. दुसरा दोष टंकांचा. युनिकोड या संकेतप्रणालीत देवनागरीचा समावेश १९९१ मध्येच झाला असला, तरी मराठी प्रकाशनव्यवहार त्यानंतरही दीर्घकाळ वेगवेगळ्या खासगी टंकांवर चालला. अशा टंकांतील मजकूर पडद्यावर मराठी दिसतो, पण यंत्राच्या दृष्टीने ती रोमन अक्षरांची व चिन्हांची मालिका असते. तो युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरे आणि ऱ्हस्व वेलांट्या निसटतात. ‘लिहिले’ आणि ‘लिहीले’ यांतील भेद टंकांतरात जाऊ शकतो. आणि तो लेखकाचा की यंत्राचा, हे मुद्रित प्रत पाहिल्यावाचून कळत नाही.

४. शब्दशोधाची व्याप्ती आणि मर्यादा

संगणकीय संहितेचे मोठे आकर्षण शब्दशोधाचे आहे. सुमारे नऊ हजार ओव्यांतून एखादा शब्द काढण्यास पूर्वी महिने लागत. आता ते काम क्षणात होते. प्रतिमासृष्टी, शब्दकळा किंवा संकल्पनांचा विकास या विषयांवरील प्रबंधिकांत असा शोध आज सर्रास वापरला जातो. परंतु यंत्र अक्षरांची मालिका शोधते, शब्द शोधत नाही. हा भेद मराठीच्या बाबतीत विशेष महत्त्वाचा ठरतो.

समजा, विद्यार्थ्याला ज्ञानेश्वरीतील पाण्याच्या प्रतिमांचा अभ्यास करावयाचा आहे आणि त्याने ‘जळ’ ही अक्षरे शोधली. त्याच्या हाती ‘जळ’ येईल. पण त्याबरोबर ‘काजळ’, ‘उजळ’, ‘ओंजळ’ यांसारखे शब्द येतील आणि ‘जळणे’ या क्रियापदाची रूपेही येतील. म्हणजे पाणी शोधू जाणाऱ्याच्या यादीत आगीचीही उदाहरणे भरतील. त्यांची नुसती बेरीज करून निष्कर्ष काढला तर तो उफराटा ठरेल. यादीतून एकट्या ‘ओंजळी’ला वगळताना मात्र थांबावे लागेल, कारण तेथे पाण्याशी अर्थसंबंध असू शकतो, आणि तो आहे की नाही हे ती ओवी वाचूनच ठरवावे लागेल.

याउलट, जे यायला हवे ते यादीत येत नाही. ‘पाणी’ शोधल्यास ‘पाण्यात’ सापडत नाही, कारण विभक्तिप्रत्ययापूर्वी शब्दाचे सामान्यरूप होते. ‘देऊळ’ शोधणाऱ्याला ‘देवळी’ आणि ‘माणूस’ शोधणाऱ्याला ‘माणसे’ मिळत नाहीत. ‘जल’, ‘उदक’, ‘नीर’ हे पर्याय वेगळे शोधावे लागतात, आणि ‘जीवन’ हा शब्द पाणी या अर्थीही येऊ शकतो हे ध्यानात ठेवावे लागते. तुकारामांच्या अभंगांत केवळ ‘विठ्ठल’ या नामाची मोजणी करून पांडुरंग, विठोबा, पंढरीनाथ ही नामे वगळणाऱ्याचीही गत अशीच होते.

तिसरी अडचण लेखनपद्धतीची आहे. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम शासनाने १९६२ मध्ये स्वीकारल्यानंतर ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘तें’, ‘जें’ यांवरील अनुच्चारित अनुस्वार गेले. त्यामुळे ‘काही’ शोधणाऱ्याला त्यापूर्वीच्या मुद्रणातील ‘कांहीं’ सहसा आढळत नाही. हरि नारायण आपटे यांच्या कादंबऱ्यांचा अभ्यासक आज शिकविल्या जाणाऱ्या लेखनानुसार शब्द शोधील, तर मूळ मुद्रणाशी प्रामाणिक असलेली प्रत त्याला कमी उदाहरणे देईल आणि लेखन आधुनिक केलेली प्रत अधिक देईल. चांगल्या प्रतीपेक्षा बदललेली प्रत अधिक उपयुक्त भासावी, हा या पद्धतीतील विपर्यास होय. याहून सूक्ष्म अडचण ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ अशा शब्दांची आहे. त्यांतील अर्धा ‘र’ दोन वेगळ्या संकेतक्रमांनी लिहिला जातो. वाचकाला दोन्ही सारखेच दिसतात, पण यंत्राला एक शोधताना दुसरा न सापडण्याचा संभव असतो.

म्हणून ‘हा शब्द या ग्रंथात येत नाही’ असे विधान केवळ यंत्राच्या आधारे करणे धोक्याचे आहे. यंत्राने दिलेला आढळ पडताळता येतो. अभाव मात्र भाषेच्या ज्ञानाशिवाय पडताळता येत नाही. कर्तृत्वाच्या प्रश्नांतही हीच सावधगिरी हवी. ‘नामा म्हणे’ ही नाममुद्रा शोधल्यास अभंगांची लांबलचक यादी मिळेल; पण त्यांतील कोणते ज्ञानेश्वरकालीन नामदेवांचे आणि कोणते विष्णुदास नामा या उत्तरकालीन कवीचे, या वादाचा निर्णय यादीतून होत नाही.

५. अध्यापकाचे काम

या परिस्थितीत अध्यापकाचे काम वाढते. पूर्वी संशोधनपद्धतीच्या तासिकेत पाठभेद, प्रतींची कुळे आणि लिपिदोष हा भाग मध्ययुगीन वाङ्मयाच्या मोजक्या अभ्यासकांपुरता मानला जाई. आता पडद्यावर वाचणाऱ्या प्रत्येकाला त्याची गरज आहे. त्यासाठी वेगळ्या प्रयोगशाळेचीही आवश्यकता नाही. ज्ञानेश्वरीतील दहा ओव्या घ्याव्यात; त्यांची संगणकीय प्रत, राजवाडे-संहिता आणि वारकरी परंपरेतील एक मुद्रित आवृत्ती शेजारी ठेवून भेदांची नोंद करण्यास सांगावे; कोणता भेद परंपरेचा, कोणता लेखननियमांचा आणि कोणता टंकाचा हे विद्यार्थ्यांनीच ठरवावे. एका तासिकेत होणारा हा पाठ अनेक व्याख्यानांपेक्षा अधिक शिकवून जातो.

दुसरे असे की, संगणकीय संहितेवर आधारलेल्या प्रत्येक प्रबंधिकेस अभ्यासकाने स्वतःची पुष्पिका जोडावी. संहिता कोणत्या संकेतस्थळावरून व कोणत्या दिनांकास घेतली, ती कोणत्या मुद्रित आवृत्तीवरून तयार झाली आहे, कोणकोणती शब्दरूपे शोधली, आणि उद्धृत केलेली प्रत्येक ओवी अथवा अभंग मुद्रित प्रतीशी ताडला की नाही, एवढे त्यात यावे. मूळ आवृत्ती अज्ञात असेल तर तसे लिहावे. अशी नोंद असल्यास परीक्षकाला निष्कर्ष तपासता येतील आणि नंतरच्या अभ्यासकाला तेथून पुढे जाता येईल.

प्रबंधांच्या तपासणीत आज मुख्य भर साम्याच्या टक्केवारीवर असतो. आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य दंडनीय नाही. वाङ्मयचौर्याला आळा घालण्याच्या दृष्टीने हे आवश्यकच आहे. तथापि साम्य मोजणारे यंत्र केवळ आपल्या संग्रहातील मजकुराशी तुलना करते. छायाचित्ररूप प्रबंध आणि जुन्या टंकांतील ग्रंथ त्याच्या दृष्टीआड राहू शकतात. शिवाय, साम्य अत्यल्प असूनही प्रबंधातील संहिता चुकीची असू शकते. अवतरणाची शुद्धता यंत्र तपासत नाही. ती जबाबदारी मार्गदर्शकाची आहे.

येथे अध्यापकवर्गानेही आत्मपरीक्षण करावयास हवे. विद्यार्थ्याने आवृत्ती नोंदवावी अशी अपेक्षा करणाऱ्याने, वर्गाच्या गटावर मुखपृष्ठ आणि प्रकाशनवर्षाचे पान गाळून ग्रंथाच्या सुट्या पानांच्या छायाप्रती पाठवू नयेत. तो पाठवितो त्या पानांनाही पुष्पिका नसते, आणि विद्यार्थी शिस्त प्रथम त्याच्याकडूनच उचलतो.

६. समारोप

२०२२ च्या अखेरीपासून प्रश्न विचारताच सलग मराठीत उत्तर देणारी यंत्रे विद्यार्थ्यांच्या हाती आली आहेत, आणि या प्रश्नाला नवी धार चढली आहे. आतापर्यंतचा संगणक प्रत उतरवीत होता, फार तर चुकीची उतरवीत होता. ही यंत्रे मात्र संहितेत नसलेली ओवी रचून ती ज्ञानेश्वरांच्या नावे सांगू शकतात, तीही छंदाला आणि भाषेला वरवर साजेशी. मराठी परंपरेला हा धोका अपरिचित नाही. ज्ञानेश्वरीची संहिता शुद्ध केल्यावर तीत स्वतःची ओवी घालू पाहणाऱ्याला एकनाथांनी दिलेली ताकीद प्रसिद्धच आहे. चार शतकांपूर्वी प्रक्षेप रोखण्यासाठी प्रती मिळवून ताडून पाहण्याचे जे कष्ट त्यांनी घेतले, त्यांची जागा कोणत्याही यंत्राने घेतलेली नाही.

संगणकाने शोधण्याचे श्रम कमी केले. पडताळण्याचे श्रम मात्र वाढविले. तालुक्याच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्याला आज कोश आणि संहिता सहज मिळतात. मिळालेली प्रत कोणती आहे हे विचारण्याची सवयही त्याला लागली, तरच साधनांच्या या उपलब्धतेचे अभ्यासात रूपांतर होईल. ती सवय लावणे हे मराठी विभागांचे काम आहे.