निवृत्त न्यायमूर्तींचा गौरव कसा करावा?
(न्या. प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर यांच्या कार्याचा अल्प परिचय)

शाळेतील गुरुजी निवृत्त होतात, तेव्हा त्यांचे शेकडो विद्यार्थी कृतज्ञतेने चार शब्द बोलावयास पुढे येतात. वैद्य निवृत्त झाले, तर बरे झालेले रोगी त्यांचे गुण गातात. परंतु न्यायमूर्तींचे तसे नसते. त्यांच्यापुढे आलेल्या बहुतेक प्रत्येक दाव्यात एक पक्ष हरलेला असतो, आणि जिंकलेला पक्ष तर म्हणतो, "आमची बाजूच खरी होती, यात उपकार कसले?" मग न्यायमूर्तींचा गौरव कोणी आणि कशाच्या आधारे करावा? आमच्या मते त्याचा एकच खरा मार्ग आहे : त्यांनी दिलेले निकाल आणि त्या निकालांची कारणे समजून घेणे. हारतुरे दुसऱ्या दिवशी कोमेजतात; लिहून ठेवलेली कारणे मात्र कोणालाही, केव्हाही तपासून पाहता येतात. या दृष्टीने आज आपण एका थोर मराठी न्यायमूर्तींच्या कार्याकडे पाहू.

न्या. गजेंद्रगडकर यांचा जन्म 16 मार्च 1901 रोजी सातारा येथे झाला. घराण्याचे मूळ गाव गजेंद्रगड. ते आज कर्नाटकातील गदग जिल्ह्यात आहे. घरात संस्कृत विद्येची परंपरा होती. वडील बाळाचार्य हे मोठे पंडित. महाविद्यालयीन शिक्षणाची पहिली वर्षे प्रल्हादरावांनी धारवाडच्या कर्नाटक कॉलेजात काढली आणि पुढील शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात व विधि महाविद्यालयात घेतले. बेळगाव-धारवाडकडील आपल्या वाचकांना त्यामुळे हे नाव परके वाटू नये. 1926 साली त्यांनी मुंबईस वकिली सुरू केली, 1945 मध्ये ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले, 1957 मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 1 फेब्रुवारी 1964 रोजी भारताचे सरन्यायाधीश झाले. कामगार आणि मालक यांच्यातील तंट्यांत त्यांनी दिलेल्या निकालांचा अभ्यास कायद्याचे विद्यार्थी अजूनही करतात.

आता दोन प्रकरणे पाहू. पहिले 1964 सालचे. उत्तर प्रदेशातील केशव सिंग नावाच्या गृहस्थांनी एका आमदारांविरुद्ध पत्रक काढले. विधानसभेने तो आपला हक्कभंग मानला आणि पुढे त्यांच्या वर्तनाबद्दल त्यांना सात दिवस तुरुंगात धाडले. त्यांच्या वकिलांनी उच्च न्यायालयाच्या लखनौ पीठाकडे अर्ज केला, आणि दोन न्यायमूर्तींनी त्यांना जामिनावर सोडण्याची आज्ञा दिली. त्यावर विधानसभेने असा ठराव केला की, त्या दोघा न्यायमूर्तींनाच ताब्यात घेऊन सभागृहापुढे उभे करावे! न्यायमूर्तींनी आपल्याच न्यायालयाकडे दाद मागितली, आणि अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या 28 न्यायाधीशांनी एकत्र बसून त्या ठरावाच्या अंमलबजावणीस स्थगिती दिली. शेवटी राष्ट्रपतींनी हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाच्या अभिप्रायासाठी पाठविला.

सात न्यायमूर्तींच्या पीठाचा बहुमताचा अभिप्राय सरन्यायाधीश गजेंद्रगडकर यांनी लिहिला. तो 30 सप्टेंबर 1964 रोजी जाहीर झाला. विधिमंडळाचे अधिकार मोठे आहेत, पण आपल्या देशात संविधान सर्वांच्या वर आहे. नागरिकाचा अर्ज ऐकून घेणे हे उच्च न्यायालयाचे कामच आहे, आणि ते केल्याने न्यायमूर्तींनी सभागृहाचा अवमान केला असे होत नाही, हे त्याचे सार. येथे एक बारकावा ध्यानात घ्यावा. केशव सिंग निर्दोष आहेत असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले नव्हते. त्यांचा अर्ज 1965 मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने फेटाळला. म्हणजे ज्याची बाजू अखेर टिकली नाही, त्याचेही म्हणणे ऐकले गेले पाहिजे, एवढ्यासाठी हा सारा खटाटोप झाला. न्यायाचे मर्म याहून वेगळे ते काय?

दुसरे प्रकरण अहमदाबादचे. मंदिरे सर्व हिंदूंना खुली करणारा कायदा मुंबई प्रांतात 1947 मध्ये झाला. स्वामीनारायण संप्रदायाच्या काही अनुयायांनी 1948 च्या जानेवारीत दावा लावला की, आमचा संप्रदाय हिंदू धर्माहून निराळा आहे, म्हणून हा कायदा आमच्या मंदिरांना लागू नाही. त्या काळी हरिजन म्हणविल्या जाणाऱ्या बांधवांना मंदिरात प्रवेश मिळणार की नाही, हा प्रश्न त्यात गुंतला होता. पहिल्या न्यायालयात दावा लावणारे जिंकले, मुंबई उच्च न्यायालयात हरले आणि मग सर्वोच्च न्यायालयात आले. 14 जानेवारी 1966 रोजी तेथील निकाल गजेंद्रगडकर यांनी दिला. हिंदू धर्म म्हणजे काय, या अवघड प्रश्नाचा त्यांनी त्यात विस्ताराने ऊहापोह केला आणि हा संप्रदाय हिंदू धर्माचाच भाग असल्याचे सांगून अपील फेटाळले. अठरा वर्षे चाललेला वाद संपला. शास्त्री-पंडितांच्या घरात वाढलेल्या न्यायमूर्तींनी आपली विद्या दार उघडण्याच्या कामी लावली, हे आम्हांस विशेष वाटते.

तथापि गौरव म्हणजे केवळ स्तुती नव्हे. चिनी आक्रमणानंतरच्या आणीबाणीत, 1963 साली, त्यांनी लिहिलेल्या बहुमताच्या निकालाने स्थानबद्धांना काही मूलभूत हक्कांच्या आधारे न्यायालयात दाद मागता येणार नाही असे ठरविले. स्थानबद्धता दुष्ट हेतूने वा कायद्याबाहेर जाऊन झाली असेल, तर तिला आव्हान देता येईल, ही वाट त्यांनी मोकळी ठेवली. तरी त्याच पीठावरील न्या. सुब्बा राव यांनी भिन्न मत नोंदविले. दोन्ही मते छापलेली आहेत. मोठेपणी ती वाचून आपला विचार आपणच ठरवावा.

15 मार्च 1966 रोजी, वयाची 65 वर्षे पूर्ण होताच, ते निवृत्त झाले. संविधानानुसार सर्वोच्च न्यायालयाच्या निवृत्त न्यायाधीशांना देशातील कोणत्याही न्यायालयात वकिली करता येत नाही. पण कामाला खंड पडला नाही. ते 1966 ते 1971 मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. राष्ट्रीय श्रम आयोगाचे अध्यक्ष म्हणून त्यांनी 1969 मध्ये अहवाल सादर केला. 1971 पासून 1977 पर्यंत विधि आयोगाचे अध्यक्षपद सांभाळले. 1972 मध्ये त्यांना पद्मविभूषण हा किताब मिळाला. 12 जून 1981 रोजी ते निवर्तले. निवृत्त न्यायमूर्तींनी सरकारने दिलेली पदे स्वीकारावीत काय, याविषयी मतभेद आहेत. 1958 सालीच सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखालील विधि आयोगाने अशा नेमणुकांविरुद्ध सावधगिरीचा इशारा दिला होता. न्यायाधीशाला उद्याच्या पदाची आशा असू नये, हे म्हणणे रास्त आहे. आणि अनुभवी माणसाची विद्या समाजाच्या उपयोगी पडावी, हेही तितकेच खरे.

विद्यार्थी मित्रहो, आपणांपैकी सर्वच काही न्यायाधीश होणार नाहीत. पण वर्गातील भांडणात, घरच्या वाटणीत, गावच्या पंचायतीत निवाडा करण्याचा प्रसंग प्रत्येकावर येतो. त्या वेळी दोन्ही बाजू शांतपणे ऐकाव्या, निर्णय द्यावा, आणि तो का दिला हे सर्वांसमक्ष सांगावे. हरलेल्या माणसालाही "माझे ऐकून घेतले गेले" असे वाटले, तर आपण न्यायमूर्तींचा खरा गौरव केला असे आम्ही समजू.

स्वाध्याय
1. केशव सिंग यांचा अर्ज पुढे फेटाळला गेला, तरी तो ऐकून घेणे महत्त्वाचे का होते?
2. अहमदाबादच्या दाव्यात दोन्ही पक्षांचे म्हणणे काय होते, ते आपल्या शब्दांत लिहा.
3. निवृत्त न्यायमूर्तींनी सरकारी पदे स्वीकारावीत काय? दोन्ही बाजू मांडून आपले मत कारणांसह सांगा.