अंतकाळची शुश्रूषा : धम्म, वैद्यक आणि कायदा

घरातील वडीलधारे माणूस अतिदक्षता विभागात असते. आजार आता हटणार नाही, असे डॉक्टर सांगतात. तरीही यंत्र काढले तर आपल्या हातून हत्या घडेल, या भीतीने कुटुंब कर्ज काढत राहते आणि रुग्णाच्या यातना लांबतात. या प्रश्नाचा आपण तीन बाजूंनी विचार करू.

धम्म : पहिले शील प्राणिहत्येपासून विरत राहण्याचे आहे. मनुष्यहत्या करणे किंवा कोणास मरणास उद्युक्त करणे, हा विनयपिटकात भिक्षूसाठी पाराजिक दोष मानला आहे. म्हणून यातना संपविण्यासाठी प्राणघातक इंजेक्शन देणे धम्माला मान्य होणार नाही. परंतु धम्मात कर्माचे मूळ चेतना, म्हणजे हेतू, हे आहे. निष्फळ उपचार थांबवून मरण त्याच्या क्रमाने येऊ देणे, यात मारण्याचा हेतू नसतो, असे आम्हांस वाटते. अंगुत्तर निकायात तीन प्रकारचे रुग्ण सांगितले आहेत : उपचाराविनाही बरा होणारा, उपचारानेही बरा न होणारा आणि उपचार मिळाले तरच बरा होणारा. शुश्रूषा मात्र तिघांचीही करावी, असा भगवंतांचा उपदेश आहे.

वैद्यक : उपचार थांबले म्हणजे शुश्रूषा थांबली, असे नव्हे. उपशामक सेवेत वेदना, धाप, मळमळ, तोंडाची कोरड यांवर इलाज होतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली योग्य मात्रेत दिलेले मॉर्फिन वेदना शमविते.

कायदा : मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग १९७३ च्या हल्ल्यानंतर २०१५ मध्ये मृत्यू येईपर्यंत तेथेच अंथरुणास खिळून होत्या. तेथील परिचारिकांनी त्यांची अखंड शुश्रूषा केली. त्यांच्याच खटल्यात २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने जीवरक्षक उपचार थांबविण्यास काही अटींवर प्रथम मान्यता दिली. मात्र त्यांच्याबाबत ती परवानगी नाकारली. २०१८ साली घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क कलम २१ मध्ये येतो, असे ठरविले व लिव्हिंग विल, म्हणजे आगाऊ वैद्यकीय इच्छापत्र, मान्य केले. २०२३ साली त्याची पद्धत सोपी झाली. दोन साक्षीदारांसमक्ष सही करून ते नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे साक्षांकित करता येते. उपचार थांबविण्यापूर्वी डॉक्टरांच्या दोन मंडळांची संमती लागते. प्राणघातक इंजेक्शन देणे मात्र गुन्हाच आहे.

तेव्हा प्रकृती ठणठणीत असतानाच प्रत्येक सभासदाने घरात हा विषय काढावा, आपली इच्छा लिहून ठेवावी आणि आपल्या वतीने कोणी बोलावे त्याचे नावही त्यात नमूद करावे. निर्णयाचा भार मुलाबाळांच्या माथी न टाकणे, हीसुद्धा करुणाच होय.